काचेवरचे दोन चंदेरी ठिपके

दुपारी साडेतीनला संदेशचा फोन आला. संदेश म्हणजे गंगारामचा मुलगा. दिव्याला राहतो, मुंबईत नोकरी करतो. मी महाडच्या घरी मागील दारी गळका नळ उघडून बसलो होतो. "साहेब, बाबा गेले," तो म्हणाला. "जेवले, ओटीवर आडवे झाले. आई चहाला उठवायला गेली, तर…" मग म्हणाला, "मी निघतोच आहे. तुम्ही जवळ आहात. पुढे व्हाल?" मी "होतो" म्हटले, नळाला नवा वायसर घातला, पाणी बंद झाल्याची खात्री केली आणि निघालो. कुडपणला, डोंगरावरच्या त्यांच्या गावी, पोहोचलो तेव्हा ऊन अजून पठारावर होते. अंगणात गंगारामची जीप नेहमीसारखी उताराकडे तोंड करून उभी होती आणि पुढच्या चाकाला धोंडा लावलेला होता. आदल्या दिवशी पोलादपूरहून ती त्यानेच वर आणली होती. वहिनी, म्हणजे त्याची बायको, दारात बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "सायब, गाडी नीट लावली, धोंडा लावला, हात धुतले, जेवले. काय ठेवलं नाय मागं." ह्याला आता सहा आठवडे झाले.

गंगाराम माझ्याहून पाच वर्षांनी लहान होता. मी त्याला एकेरी हाक मारीत असे. तो मला 'सायब' म्हणे. ती सवय इथेही मोडवत नाही, वाचकांनी समजून घ्यावे. मी रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसिअर होतो आणि घाटाखालचे रस्ते माझ्याकडे होते. चाळीस वर्षांपूर्वी खात्याची जीप पोलादपूरजवळ चमत्कारिक घोंघावू लागली, म्हणून रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडसमोर थांबवली. आत एक किडकिडीत तरुण रॉकेलने हात धुवत होता. त्याने मान वर केली नाही. "तिसऱ्या गिअरची बेअरिंग गेलीय," म्हणाला. मी विचारले, "उघडून न बघता?" तो म्हणाला, "ती एवढी आरडतेय, उघडायचं कशाला?" मी म्हणालो, "मला तसे काही ऐकू येत नाही." त्यावर त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले. "मग तुमी मोजा, सायब. मी ऐकतो." मी त्याला गिअरबॉक्स तिथल्या तिथे उघडायला लावला. सारा दिवस गेला. बेअरिंग गेलेली होती, आणि तिसऱ्याच गिअरची. मी गाडीच्या वहीत शेरा लिहिला : दुरुस्ती समाधानकारक. नोकरीत ह्याहून वरचा शेरा मी कोणालाही दिला नाही. पुढे ओळख वाढल्यावर तो मला डिवचायचा, "सायब, समाधानकारकच्या वर तुमच्यात काय नसतंच काय?" मी सांगायचो, "नसतं."

ह्या कानावर त्याचा धंदा उभा होता. घाट उतरून येणारे ट्रकवाले शेडसमोर गाडी उभी करत, इंजिन चालू ठेवत आणि गप्प राहत. गंगाराम बॉनेटपाशी उभा राहून डोळे मिटे. मग काय बिघडले ते सांगे. मोजमापाच्या साधनांची त्याला कीव येत असे. डॅशबोर्डावर इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा असतो, त्याला तो बिनकामाचा पाव्हणा म्हणायचा. "ज्यास्नी कान नाय, त्यांच्यासाठी बसवलाय तो," हे त्याचे ठरलेले वाक्य होते. मी निवृत्त झालो, तरी महिन्यातून दोनदा महाडहून एस.टी.ने त्याच्याकडे जात राहिलो. काम असेच असे नाही. मी बाकावर बसून वर्तमानपत्र वाचे, तो काम करी. एका वर्षी सावित्रीचे पाणी माझ्या घरात छातीपर्यंत चढले. ते ओसरल्यावर तो रॉकेलचा डबा आणि पाने-पक्कड घेऊन आला, माझी स्कूटर सुटी करून गच्चीवर वाळत घातली, आणि मग माझ्या आळीतल्या प्रत्येकाची. पंधरा दिवस तो आमच्याकडे राहिला. कोणी आभार मानू लागले की म्हणे, "आधी ती मागची चिखलाची बादली ओता."

सात-आठ वर्षांपूर्वी, शिमगा आठ दिवसांवर आलेला असताना, त्याचा निरोप आला. त्याच्या स्वतःच्या जीपचा चार गिअरचा जुना गिअरबॉक्स संपला होता. भंगारात निघालेल्या तशाच एका जीपचा पाच गिअरचा गिअरबॉक्स त्याने आणून बसवला होता. ते काम झाले होते. पण त्यानंतर आरपीएमचा काटा थाऱ्यावर नव्हता. "सायब, तो नुसता नाचतोय. तुमचा मीटर घेऊन या," असा निरोप होता. मला आश्चर्य वाटले. ज्या काट्याची आयुष्यभर टिंगल केली, तो नाचला काय आणि निजला काय, ह्या माणसाला त्याचे काय? तरी मी व्होल्टेज मोजण्याचा माझा जुना मीटर पिशवीत घातला आणि गेलो.

डिझेल गाडीत ह्या काट्याला खबर मिळते ती आल्टरनेटरकडून. वीज तयार करणाऱ्या त्या यंत्रापासून एक बारीक तार डॅशबोर्डाकडे जाते. आल्टरनेटरला फिरवतो तो इंजिनावरचा रबरी पट्टा. तेव्हा पट्टा घसरत असेल तर काटा खोटे बोलेल, असा माझा पहिला अंदाज होता. गंगारामला बॉनेटपाशी उभे केले आणि मी स्वतः बसून अॅक्सिलरेटर दाबला. पट्टा किंचाळला. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसे वळून पाहू लागली, टपरीखालचा कुत्रा उठून निघून गेला. गंगाराम त्या पट्ट्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "पट्टा सैल वाटतो काय, सायब?"

मी इंजिन बंद केले. खाली उतरलो, त्याच्या पाठीमागे गेलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "गंगाराम." तो पट्ट्याकडे पाहत राहिला. मी पुन्हा हाक मारली. मग त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. माझा चेहरा पाहून त्याला कळले.

"कधीपासून?" मी विचारले.

"दीड वर्स झालं," तो म्हणाला. "आधी बारीक आवाज गेले, मग मोठे. आता इंजिन चालू असलं की छातीत धडधड लागते, बस… तुमी बोलता ते तोंडावरून कळतं. तुमी कमी बोलता, बरं पडतं."

मग त्याने एकेक सांगितले. जुन्या गिअरबॉक्सची त्याच्या तळहाताला सवय होती. गिअरच्या दांडीवर हात ठेवला की कधी बदलायचा ते हातच सांगे, त्यामुळे कान गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. नव्या गिअरबॉक्समध्ये गिअर पाच, प्रत्येकाची ओढ निराळी. हाताचा हिशेब चुकू लागला. तेव्हा त्याने पहिल्यांदा त्या काट्याकडे पाहिले, तर तो नाचत होता. शिमग्याला संदेश येणार होता आणि बापाच्या शेजारी बसून कुडपणला जाणार होता. आई-वडिलांनी दिव्याला येऊन राहावे, असे तो दोन वर्षे म्हणत होता. "चढावर गाडी रडली आन् मला कळलं नाय, की त्याला कळणार," गंगाराम म्हणाला. "मग शेडला कुलूप. गाडी दुसऱ्याच्या दारात. आन् मी दिव्याला चौथ्या माळ्यावर, खिडकीत." त्याने हात पुसले. "मी तिथं काय करू, सायब?"

ऐकू न येणाऱ्या माणसाने घाटात गाडी चालवावी काय, हा प्रश्न वाचकाला पडेल. मलाही पडला. मी तिथेच अटी घातल्या. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावायचे. गाडीत उतारू घ्यायचे नाहीत. हमरस्त्यावर जायचे नाही, पोलादपूर ते कुडपण एवढेच. महाडला डॉक्टरांना कान दाखवायचे. आणि शेवटची अट : "काटा मी दुरुस्त करतो. पण संदेशला तू सांगायचं. त्याच दिवशी. नाही सांगितलंस तर मी सांगेन." तो माझ्या ओठांकडे बराच वेळ पाहत राहिला. "चढ संपल्यावर सांगितलं तर चालंल ना?" त्याने विचारले. मी म्हणालो, "चालेल."

पट्टा ताणून बसवला. किंचाळणे थांबले, काटा नाचतच राहिला. दुसऱ्या दिवशी आल्टरनेटरपासून डॅशबोर्डापर्यंतची तार बदलली. गिअरबॉक्स चढवताना ती चेंगरली असावी, अशी शंका होती. जुनी तार काढून पाहिली तर धडधाकट होती. तिसऱ्या दिवशी महाडहून दुसरा काटा, म्हणजे आख्खे घड्याळच, आणून जोडले. तेही तसेच नाचले. गंगारामला चेष्टा सुचू लागली, हे चांगले लक्षण नव्हते. "तुमी मोजा म्हनलो होतो," तो म्हणाला. "मोजून मोजून पालखी दारात येईल." मी म्हणालो, "गप्प बैस." तो म्हणाला, "मी गप्पच हाय. मला वाटतं तुमीच बोलताय."

चौथ्या दिवशी डॅशबोर्डाखाली अंधार होता, म्हणून मी त्याला आतला दिवा लावायला सांगितला. त्याने चुकून हेडलाइट लावले. काटा आठशेवरून उडाला तो चार हजारांवर गेला. दिवे बंद केले, खाली आला. पुन्हा लावले, पुन्हा उडाला. मी घड्याळाकडे पाहायचे सोडून दिले. गाडीत वीज तारेतून जाते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. ती परतीची वाट कुठेतरी अडली होती. मी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या बोल्टला. दिवे लागलेले असताना तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. सव्वा व्होल्ट दिसला. अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला तर ती कोमट होती. बिचारी वीज मिळेल त्या वाटेने घरी जात होती.

आम्ही दोघे जीपखाली शिरलो. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि गिअरबॉक्स ह्यांना जोडणारी तांब्याच्या वेणीची पट्टी असते, तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. ती जागच्या जागी होती, बोल्टही घट्ट होता. पण ती रंगावर बसली होती. गंगारामची एक रीत होती. दुसऱ्या गाडीचा सुटा भाग तो तसाच कधीही बसवत नसे. आधी रॉकेलने धुणार, मग चंदेरी रंगाचे दोन हात देणार. "दुसऱ्याच्या घरातनं आलीय ती," तो म्हणे, "नवी नवरी तशीच कशी आत घ्यायची?" ह्या गिअरबॉक्सला त्याने दोन हात दिले होते, आणि पट्टी बसवल्यावर तिच्यावरून तिसरा. लोखंड आणि तांबे ह्यांच्यामध्ये रंगाचा चांगला जाड थर होता. बिघाड त्याच्या हलगर्जीपणातून आलेला नव्हता. फाजील निगुतीतून आला होता.

ही चूक दुसऱ्या कोणाच्याही गाडीत दोन दिवसांत उघडी पडली असती, कारण अर्थिंग नसेल तर आधी स्टार्टर रडू लागतो. परंतु कुडपणच्या बाजूला स्टार्टर वापरतो कोण? गाडी उताराकडे तोंड करून लावायची, चाकाला धोंडा द्यायचा. निघताना धोंडा काढायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकून क्लच सोडायचा. शेडसमोरही उतार होता. महिनाभर त्याने स्टार्टरची चावी फिरवलेली नव्हती. आणि चार दिवस मीही गाडी ढकलूनच चालू करीत होतो, एकदाही चावी फिरवून पाहिली नाही. मोजणाऱ्या माणसाने ही चूक आपल्या नावावर लिहून ठेवली पाहिजे, ती लिहितो.

पॉलिशपेपर घेऊन रंग त्यानेच खरवडला. लोखंड चकचकीत होईपर्यंत थांबला नाही. "नवरीचे दागिने उतरवायला लावले तुमी," एवढेच म्हणाला. पट्टी बसवली, बोल्ट आवळला. मी चावी फिरवली. स्टार्टर एका झटक्यात फिरला, काटा उठला आणि आठशेवर उभा राहिला. हेडलाइट लावले. काटा हलला नाही. गंगारामने आत वाकून घड्याळाच्या काचेवर बोट टेकवले आणि तसाच राहिला. मी मीटर पिशवीत ठेवायला वळलो.

काटा स्थिर झाला, पण कितीवर गिअर बदलायचा हे ठरवायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही कुडपणचा चढ चढलो. चालवणार तो, ऐकणार मी. इंजिन वरचा गिअर मागू लागले असे मला वाटले की मी त्याच्या खांद्यावर बोट मारायचे, आणि त्याने काटा कुठे आहे ते पाहायचे, असे ठरले. मी बोट मारले तेव्हा काटा चोवीसशेवर होता. त्याने मान हलवली. "उशीर," म्हणाला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्याचा डावा तळहात गिअरच्या दांडीवर होता. "तुमचा कान उशिरा सांगतो, सायब. बावीसशे." मी म्हणालो, "चोवीसशे. मला ऐकू येतं, तुला नाही." तो हसला. माथ्यावर गाडी थांबवली, चंदेरी रंगाची डबी काढली, काडी बुडवली आणि काचेवर दोन ठिपके दिले : खालचा चौदाशेवर, ह्याच्या खाली काटा आला की गिअर उतरवायचा, वरचा बावीसशेवर, तिथे पोहोचला की गिअर चढवायचा. मी म्हणालो, "चुकीच्या जागी दिलास." तो म्हणाला, "गाडी कुनाची हाय?"

शिमग्याला संदेश आला. तो पुढे बसला, मी मागे. चढ लागला आणि मी मागून संदेशच्या मानेकडे पाहत राहिलो. इंजिनाकडे माझे लक्ष लागेना. गंगारामची नजर रस्ता, आरसा, काटा, पुन्हा रस्ता अशी फिरत होती. पहिला, दुसरा, तिसरा. अवघड वळणावर तिसऱ्याचा दुसरा, ठिपक्यावर, बरोबर. गाडी कुठेही रडली नाही. अर्ध्या वाटेवर संदेश म्हणाला, "बाबा, नवा गिअरबॉक्स एकदम स्मूथ आहे हां." गंगारामचे डोळे रस्त्यावर होते; त्याने उत्तर दिले नाही. संदेशला ते त्याच्या स्वभावातले वाटले असावे.

अंगणात गाडी लागली, धोंडा लागला. गंगाराम पोराकडे वळला. माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. "संद्या, मला ऐकू येत नाय," तो म्हणाला. "दीड वर्स झालं. आता आलो तो त्या काट्यावर आलो. तू बघितलंस. आता काय ते तू बोल… माझ्याकडं तोंड करून बोल."

संदेश परत गाडीत चढला, घड्याळाच्या काचेवरचे ठिपके पाहिले, उतरला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. "आई, तुला माहीत होतं?" त्याने विचारले. त्या म्हणाल्या, "तर! तीस वर्सं माझं एकटीचं ऐकू येत नव्हतं, आता कुनाचंच येत नाय. मी हाक मारायची कवाच सोडली. जेवन झालं की पाट जमिनीवर आपटते, पायातून कळतं त्यास्नी." संदेशला हसू आवरेना. हसता हसता त्याने डोळे पुसले. गंगाराम एकदा बायकोच्या आणि एकदा मुलाच्या तोंडाकडे पाहत होता. "काय बोलली ती?" त्याने मला विचारले. मी म्हणालो, "समाधानकारक बोलल्या." दिव्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि नंतरही कोणी काढला नाही.

पुढची वर्षे चांगली गेली. डॉक्टरांनी कानाला यंत्र दिले. ते तो देवळात भजनाला लावी. शेडमध्ये काढून डबीत ठेवी, कारण त्यातून सगळ्यांचे सगळेच ऐकू येते, अशी त्याची तक्रार होती. गिऱ्हाइकाच्या इंजिनाला तो लांब स्क्रूड्रायव्हर टेकवी आणि त्याची मूठ जबड्याला लावी. हाडातून कळते, म्हणे. निदान फारसे चुकत नसे. आठवड्यातून दोनदा तो कुडपणला चढे आणि उतरे. आमच्या बाकावर फरक एवढाच पडला की, मी वर्तमानपत्र खाली ठेवून त्याच्याकडे तोंड करून बोलू लागलो.

दिवसकार्य झाल्यावर संदेशने चावी माझ्या हातात दिली. वहिनी दिव्याला जाणार नाहीत, कुडपणलाच राहणार आहेत. जीप मी ठेवावी आणि दर शनिवारी वर यावे, असे मायलेकांनी परस्पर ठरवले होते. "काचेवरचे डाग साफ करून देऊ का, साहेब?" संदेशने विचारले. मी म्हणालो, "राहू दे."

आता दर शनिवारी मी तो चढ चढतो. पहिल्या दोन खेपांना मी कानाने चालवले आणि चोवीसशेवर गिअर बदलला, अनेक वर्षांच्या वादाला जागून. तिसऱ्या शनिवारी, कोणी पाहत नसताना, वरच्या ठिपक्यावर बदलून पाहिला. गाडीला धक्का बसला नाही. इंजिनाने सूर बदलला तो इतका हलका की, काटा पाहत नसतो तर कळलेही नसते. पुढच्या वळणावर पुन्हा केला. गंगाराम बरोबर होता. मी ठिपक्यावर गिअर बदलत वर गेलो, अंगणात जीप उताराकडे तोंड करून लावली, चाकाला धोंडा दिला आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहून "तू बरोबर होतास" असे एकदा म्हटले. त्याने ठिपके दिले त्याच दिवशी माथ्यावर, त्याच्याकडे तोंड करून, म्हणायला हवे होते. त्याला ऐकू आले नसते. पण त्याने ते वाचले असते.